मुळ्ये गुरुजींची तोफ

बिंदुमाधव मुळ्ये बनारसच्या एका इंटर कॉलेजात संस्कृत शिकवायचे. मंगला गौरीच्या देवळाच्या आसपास असा एकही विषय उरला नव्हता ज्यावर त्यांचं मत नव्हतं. गंगेचं पाणी, कोणाच्या मुलीचं स्थळ, सरकार, खव्यातली भेसळ, काहीही विचारा. गुरुजी तोंडातलं पान या गालातून त्या गालात सरकवायचे आणि निकाल देऊन टाकायचे. निकाल मात्र नेहमी दुसऱ्याच्या घरचे. स्वतःच्या घरी न्हाणीघराची कडी तुटली, तेव्हा ती डागडुजी करून वापरावी की नवी आणावी यावर त्यांनी इतका दीर्घ विचार केला, की त्यांची बायको शरदिनी आंघोळीला बसली की मोठ्याने गाणं म्हणायची. आत कोणीतरी आहे हे बाहेर कळायला नको का?

शरदिनीबाई मूळच्या अकोल्याच्या. रेल्वेच्या कचेरीत त्यांनी उभी हयात नोकरी केली आणि रोज आधी रिक्षात, पुढे टोटोत, म्हणजे बॅटरीच्या रिक्षात, चार अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून कामावर गेल्या. घरात मोटारसायकल होती. पण ती चढाला मागे माणूस घेत नसे, उताराला तिचा ब्रेक लागत नसे, आणि बनारसमध्ये सपाट रस्ता म्हणून जो काही आहे त्यावर गाई बसलेल्या असत.

या मोटारसायकलला अख्खा मोहल्ला 'तोप' म्हणायचा. गुरुजींच्या तोंडी ती 'तोफ' झाली, आणि शिवी म्हणून ठेवलेलं नाव ते पदवीसारखं मिरवू लागले. ती बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. गाडी सुरू व्हायची ती स्फोटाने, आणि बंद पडायची ती मौनाने. गल्लीच्या तोंडाशी, पानवाल्याच्या बाजूला, ताडपत्री पांघरून ती उभी असे आणि खाली काळ्या तेलाचं थारोळं धरत असे. जाणारा-येणारा त्या थारोळ्याला वळसा घालून जायचा. गुरुजींना वाटायचं, लोक आदराने बाजू देतात.

तरुणपणी त्यांनी ती सारनाथकडच्या एका दूधवाल्याकडून घेतली होती. दोन्ही बाजूंना कॅन अडकवायच्या लोखंडी कड्या होत्या, त्या अजूनही आहेत. सुरुवातीची काही वर्षं गुरुजी खरं सांगत. मग दूधवाला जाऊन तिथे एक निवृत्त फौजी आला. मुलगा प्रसन्न शाळेत जायला लागेपर्यंत गाडी थेट ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांच्या एका सरदाराची झाली होती. तो सरदार म्हणे शिंदे घाटावर स्नानाला यायचा, तो याच गाडीवरून. आणि त्या कड्या? त्या बंदुकीच्या. एकीत दुनळी, दुसरीत तलवार.

"अहो, ही कंपनी निघाली तेव्हा संस्थानं विलीन होऊन बारा वर्षं उलटली होती," शरदिनीबाई एकदा म्हणाल्या. त्या हिशेबाच्या खात्यात होत्या, त्यांना असली खोड होती.

"इतिहास तारखांनी होत नाही," गुरुजी म्हणाले. मुलांना त्यांनी आयुष्यभर संस्कृत कवींच्या तारखा चुकल्या म्हणून छड्या मारल्या होत्या.

गुरुजी निवृत्त झाले, आणि इतकी वर्षं कॉलेजच्या वेळात थोडी उसंत मिळणारी तोफ दिवसभर त्यांच्या तावडीत सापडली. त्याच सुमाराला शरदिनीबाईंचा उजवा गुडघा गेला. दोन्ही गोष्टी एकदम आवाज करायला लागल्या. बाई जिना उतरताना कटकट असा आवाज यायचा आणि खाली गाडीचा खडखडाट. गुरुजींचे कान तीक्ष्ण होते, पण त्यांना एकच ऐकू यायचा.

"गुडघ्याचं काय करायचं?" बाईंनी विचारलं.

"तेल लाव. शरीर आहे, दुरुस्त होतं आपोआप."

"डॉक्टर बदलायला सांगतील असं नीरजा म्हणत होती." नीरजा म्हणजे खालच्या मजल्यावरची. तिच्या सासूचे दोन्ही गुडघे बदलले होते आणि ती म्हातारी आता रोज पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उतरून जायची, वर येताना हातात भाजीही असायची.

"बदलणं, बदलणं! हल्ली लोकांना दुसरं सुचतच नाही," गुरुजी म्हणाले. "मूळ ते मूळ. एकदा बदलली वस्तू की ती ती राहत नाही." आणि मूळचा कार्बोरेटर मिळतो का बघायला ते रेल्वेने कानपूरला निघून गेले. शरदिनीबाईंनी तिळाचं तेल गरम केलं. घरात मूळच्या वस्तू दोन आणि एकीसाठी कानपूर, हा हिशेब त्यांनी चोळता चोळता मांडला, पण कोणाला सांगितला नाही. सांगणार कोणाला? ऐकणारा कानपूरला होता.

शेवटी फारच ठणका लागला तेव्हा गुरुजी उदार झाले. "चल, मी नेतो डॉक्टरांकडे. तोफेवरून."

"मी टोटोने जाते."

"घरची गाडी असताना?"

गल्लीच्या तोंडाशी पानवाला, नीरजा आणि नीरजाची नव्या गुडघ्यांची सासू बघत होते. गुरुजींनी लाथ मारली, पुन्हा मारली, धोतर वर खोचून मारली. एक बार उडाला. कबुतरं उडाली. शरदिनीबाई एका कडीला धरून, म्हणजे सरदाराच्या दुनळीच्या जागी पंजा अडकवून, मागे बसल्या.

मैदागिनच्या चौकापर्यंत सगळं ठीक चाललं होतं. चौकाच्या मधोमध गाडीने एक लांब कण्हणारा आवाज काढला आणि मागचं चाक जागच्या जागी घट्ट झालं. पुढे जाईना, मागे जाईना, ढकलली तरी हलेना. चहूबाजूंनी भोंगे सुरू झाले. शिपाई धावत आला. "बाबा, ई का लेके चले आए?" टोटोवाले, शववाहिनी, शाळेची बस, सगळं बनारस तोफेभोवती तुंबलं. शववाहिनीतल्या नातेवाइकांनी खिडकीतून डोकं काढून विचारलं, "किती वेळ लागेल?" त्यांना तरी कसली घाई होती देव जाणे.

चौघांनी गाडी उचलून कडेला नेली. गुरुजी तिच्या बरोबर धावत होते, एक हात टाकीवर ठेवून, आजारी माणसाच्या स्ट्रेचरबरोबर धावावं तसे. मग एक ठेला आला, गाडी ठेल्यावर चढली, गुरुजी तिच्या शेजारी चढले, आणि ठेला लल्लन मिस्त्रीच्या दुकानाकडे निघून गेला.

शरदिनीबाई एका औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिल्या. आपल्याला कोणी न्यायला येईल का, याची त्यांनी जरा वाट पाहिली. मग त्यांना हसू आलं. त्यांनी हात दाखवून टोटो थांबवली, डॉक्टरकडे गेल्या, गुडघ्याचे फोटो काढून घेतले, आणि डॉक्टर म्हणाले, "बदलावा लागेल," तेव्हा त्या म्हणाल्या, "बदला. तारीख द्या." इतकंच. चहा थंड व्हायला लागतो त्याहून कमी वेळ लागला.

घरी आल्या तर गुरुजी पायरीवर डोकं धरून बसलेले. हाताला काळं लागलेलं.

"इंजिन बसलं," ते म्हणाले. "लल्लन म्हणतो पूर्ण बसलं." मग वर बघून म्हणाले, "तू कुठे गेली होतीस?"

बाई जिना चढून गेल्या. कटकट, कटकट.

लल्लन काही कोणी मोठा गुणी कारागीर नव्हता. वर्षानुवर्षं तो 'हो जाएगा गुरुजी' एवढंच म्हणत आला होता, आणि गाडी दुरुस्त करून द्यायचा ती पुढच्या बिघाडाच्या बेताने. पण या वेळी त्यालाही कंटाळा आला. "गुरुजी, दूसरी मरी हुई गाडी का इंजन लगा दें, नहीं तो नई स्कूटी ले लीजिए. बैटरीवाली. आवाज भी नहीं करती."

"आवाज करत नाही ती गाडी कसली?" गुरुजी दुखावले.

आता प्रश्न पडला तो खरा. दुरुस्त करायची की नवी घ्यायची? गुरुजींनी विचारविनिमय सुरू केला. चहाच्या ठेल्यावर सभा भरली. आतून सगळंच बदललं तर गाडी तीच म्हणायची की दुसरी, यावर दोन निवृत्त प्राध्यापक आणि एक पुजारी इतके भांडले, की पुजाऱ्याने मंदिराची आरती उशिरा केली. ज्योतिषाला पत्रिका दाखवली. गाडीची पत्रिका नव्हती, म्हणून गुरुजींचीच दाखवली. ज्योतिषी म्हणाला, लोखंडाचा योग आहे. लोखंड नवं की जुनं, ते त्याने सांगितलं नाही. पुण्याहून प्रसन्नचा फोन आला, "बाबा, छोडिए ना, मी ऑनलाइन बुक करून देतो." गुरुजी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. म्हणजे फोन यायचा, ते घ्यायचे, आणि आईला द्यायचे.

रोज सकाळी नवी गाडी घ्यायचं नक्की होई. रोज संध्याकाळी दुरुस्तीचं नक्की होई. दुपारी ते झोपत.

शरदिनीबाईंचं ऑपरेशन या गडबडीत झालं. प्रसन्न पुण्याहून आला, त्याने कागदांवर सह्या केल्या. गुरुजीही आले होते, नाही असं नाही. ऑपरेशनच्या खोलीबाहेर ते फोन कानाला लावून फिरत होते. नर्सने विचारलं, "मरीज़ के आप कौन हैं?" गुरुजींनी हात वर करून तिला थांबवलं आणि फोनमध्ये म्हणाले, "नहीं नहीं, पिस्टन ओरिजिनल चाहिए. डुप्लिकेट नहीं लगवाऊँगा."

प्रसन्नने हे आईला ती शुद्धीवर आल्यावर सांगितलं. तिने डोळे मिटूनच विचारलं, "मला कुठला लावला रे?"

बाई घरी पडून होत्या, तेव्हा विश्वजीत आला. हा तिशीतला, दाढी कोरलेला, पांढऱ्या शर्टातला मुलगा. घाटावरची एक पडीक कोठी, म्हणजे जुनी हवेली, घेऊन त्याने तिचं हॉटेल केलं होतं. 'वारसा' हा शब्द तो दर दुसऱ्या वाक्यात वापरायचा. लल्लनच्या दुकानात त्याने तोफ पाहिली, आणि लल्लनने सरदार, बंदूक, तलवार सगळं सांगून त्याला वर पाठवलं होतं. लल्लनला दुकानात जागा हवी होती.

"गुरुजी, मला ही आमच्या दिवाणखान्यात ठेवायची आहे. काचेच्या खिडकीसमोर, खाली दिवे, शेजारी पितळी पाटी."

"पण ती चालत नाही," गुरुजी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हे कबूल केलं.

"चालायलाच नको! चालली तर धूर होईल. पाहुणे एसीत बसतात."

गुरुजींनी मनात हिशेब मांडला. दुरुस्ती नाही, बदल नाही, निर्णय नाही. आणि वर पितळी पाटी. आतल्या खोलीत पलंगावर पडल्या पडल्या शरदिनीबाईंना त्यांचा चेहरा दिसत होता. साखरपुड्याच्या दिवशीसुद्धा तो इतका उजळला नव्हता.

"एक अट आहे," विश्वजीत म्हणाला. "गोष्ट तुम्ही स्वतः येऊन सांगायची. संध्याकाळी, आरती आटोपल्यावर. पाहुण्यांना माणूस लागतो."

गुरुजींचे वडील अमृतराव घाटावर यजमानांकडून पूजा करून घ्यायचे. दक्षिणेसाठी लोकांना जुन्या कथा ऐकवायच्या, याची गुरुजींना लहानपणापासून लाज वाटे. नोकरी धरली ती त्यासाठीच. "मी कोणापुढे पोथी वाचणार नाही," असं ते वडिलांना तोंडावर म्हणाले होते. आता म्हणाले, "वेळ कुठली म्हणालात?"

कोठीपर्यंत जाणाऱ्या गल्लीला पायऱ्याच पायऱ्या, म्हणून तोफ पाण्यातून न्यायचं ठरलं. राजघाटापर्यंत ठेल्यावरून, तिथून नावेतून. विश्वजीतने नावेला झेंडूच्या माळा लावल्या आणि फोटोवाला बोलावला. गुरुजी गाडीवर चढून बसले. डोक्याला हॉटेलने दिलेली ग्वाल्हेरी पगडी, हात हँडलवर, नजर समोर.

बाई काठी टेकत गच्चीवर आल्या होत्या, नीरजाने हाताला धरलं होतं. नाव मंदगतीने खालून चालली होती. घाटावर आंघोळ करणाऱ्या एका म्हाताऱ्याने माळा पाहिल्या, वर बसलेलं निश्चल माणूस पाहिलं, आणि विसर्जन समजून भक्तिभावाने हात जोडले. त्याच्या पाठोपाठ आणखी चार-पाच जणांनी जोडले. गुरुजींनी डोकं लववून नमस्कार स्वीकारला.

"काकू, रडताय?" नीरजाने विचारलं.

"हसतेय गं. टाक्यांना ताण बसतो, हसवू नकोस."

मग घरात शांतता झाली. गुरुजी संध्याकाळी पगडी घालून जायचे आणि जेवायच्या वेळी तृप्त होऊन यायचे. मिशा ठेवायला लागले. पाहुणे त्यांच्याबरोबर फोटो काढत, कोणी कोणी रील करत. बाईंना ते तोंडभरून सांगायचे, एक जर्मन बाई तर रडली. "गाडीसाठी?" बाईंनी विचारलं. "गोष्टच तशी आहे," गुरुजी म्हणाले आणि वरणात तूप मागितलं.

बाई चालू लागल्या. आधी खोलीत, मग गल्लीत, मग मंगला गौरीच्या देवळापर्यंत. एक दिवस त्यांनी ठरवलं, ती गोष्ट ऐकून यावी. कोणाला न सांगता त्या निघाल्या आणि पायऱ्या उतरत, कठड्याला हात लावत, हॉटेलात पोचल्या. खालून दिवे लावलेली तोफ लखलखत होती. इतकी स्वच्छ ती दूधवाल्याकडेही नसावी. खुर्च्यांवर पाहुणे बसले होते. बाई मागे, खांबाशी उभ्या राहिल्या.

सरदार झाला. दुनळी झाली. मग गुरुजींचा आवाज खाली आला.

"इसी गाडी पर मैं अपनी दुल्हन को ग्वालियर से लाया था. यहाँ, पीछे बैठती थी वह." त्यांनी मागच्या सीटवरून हात फिरवला. "आज वह नहीं है. उसके जाने के बाद मैंने इसे कभी चालू नहीं किया. बस."

पुढच्या रांगेतल्या एका बाईने रुमाल काढला. विश्वजीत कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. ही जागा त्याला पाठ असावी.

शरदिनीबाईंना अकोल्याहून रेल्वेने, दुसऱ्या वर्गाने, मामाच्या ट्रंकेवर बसून आणलं होतं. त्या खांबाआडून पुढे आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कैसे गुज़रीं बेचारी?"

गुरुजींनी वर पाहिलं. पगडी किंचित हलली. साऱ्या माना बाईंकडे वळल्या होत्या. न्हाणीच्या कडीला ज्याने वर्ष लावलं, त्या माणसाने या क्षणी डोळ्याचं पातं लवायच्या आत निर्णय घेतला.

"ये मेरी साली साहिबा हैं," ते म्हणाले.

टाळ्या पडल्या. रुमालवाल्या बाईने उठून शरदिनीबाईंना आपली खुर्ची दिली. त्या बसल्या. "जीजाजी ने दीदी की बहुत सेवा की," त्यांनी पाहुण्यांना सांगितलं. "तेल लगवाते थे. तिल का." आणि गुरुजींना गोष्ट पुढे सांगायची खूण केली. पण गोष्ट तिथेच संपत होती.

घरी आल्यावर भांडण झालं नाही. ते झालं असतं तर गुरुजींना बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी कप पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊजी, चहा." जेवायला वाढताना, "भाऊजी, आमटी देऊ?" नीरजा आली तर तिच्यासमोर, "भाऊजींना आज बरं नाही." प्रसन्नचा फोन आला, तर "थांब हं, भाऊजींना देते." प्रसन्नला वाटलं, आईला भुलीच्या औषधाचा त्रास होतोय.

गुरुजींनी हात टेकले. त्यांनी गोष्टीतली बायको जिवंत केली. विश्वजीतने दोन-तीन संध्याकाळी पाहुण्यांचे चेहरे पाहिले, मग तो घरीच आला. पेढे घेऊन आला होता.

"माताजी, खरं सांगू का? मज़ा नहीं आ रहा. पाहुणे डोळे पुसत नाहीत. बायको घरी आहे, ठणठणीत आहे, मग लोकांना वाटतं, या माणसाला दुःख कसलं?"

"हा प्रश्न मलाही पडतो," बाई म्हणाल्या.

"तुमची परवानगी असेल तर पुन्हा..." त्याने पेढ्यांचा डबा पुढे सरकवला.

"मारायचं आहे मला?"

"गोष्टीत, माताजी. फक्त गोष्टीत."

बाईंनी पेढा तोडून अर्धा तोंडात टाकला. गुरुजी दाराशी उभे होते, मिशीचं टोक चावत.

"मरते," त्या म्हणाल्या. "माझं काही म्हणणं नाही. पण मी त्या गाडीवरून पडून मरेन. मैदागिनच्या चौकात, चाक अडकून. तसं सांगायचं."

विश्वजीतचे डोळे चमकले. "वाह! यह तो और भी..."

"नाही!" गुरुजी ओरडले. इतक्या मोठ्याने, की खालच्या मजल्यावर नीरजाची सासू दचकली. "तोफेवर आळ घ्यायचा नाही. ती असलं कधी करणार नाही. तापाने जाऊ दे, कशानेही जाऊ दे, पण गाडीचं नाव त्यात यायचं नाही!"

विश्वजीतने बाईंकडे पाहिलं, मग गुरुजींकडे, मग पेढ्यांच्या डब्याकडे.

"मग नाही मरत," शरदिनीबाई म्हणाल्या आणि उरलेला पेढा खाऊन टाकला.

आता गुरुजी गोष्ट सांगतात त्यात बायकोच नाही. मागच्या सीटवर कोण बसायचं असं कोणी विचारलं, तर ते सांगतात, कोणी नाही, राजेरजवाड्यांच्या गाड्यांवर दुसरं माणूस बसत नसे. शरदिनीबाई त्या वेळी बहुधा पंचगंगेच्या पायऱ्यांवर नीरजाच्या सासूबरोबर बसलेल्या असतात. दोघींच्यात नवे गुडघे तीन, म्हाताऱ्या दोन, आणि हसण्याचा आवाज थेट वरच्या गल्लीपर्यंत येतो.